चूपमास्तर

आमच्या घरात येऊन आमचाच फ्रिज बंद करणारा हा पहिला माणूस. विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वयंपाकघरात आला, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहिला. मी कणीक मळत होते. मला वाटलं, पाल दिसली असेल. मिनिटभर तो तसाच उभा. मग म्हणाला, "काकू, काय शांतता आहे हो तुमच्या घरात. फ्रिजखाली दबून राहिली होती बिचारी." एवढं बोलून वर निघून गेला. बटण चालू करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी दूध नासलं.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण नासलेल्या दुधावरून माणूस ओळखण्याची अक्कल मला आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पुरती आलेली नाही, तेव्हा कुठून असणार.

हा आमचा भाडेकरू. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्चीला लागून एक खोली. गच्चीवरची आम्ही भाड्याने द्यायचो. हा अमरावतीकडचा, तिशीतला, खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. पाच दिवस कंपनीचं काम करायचं आणि शनिवार-रविवार आवाज गोळा करायचे. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, हा आवाज जमवायचा. तांबट आळीत जाऊन हंड्यावर पडणारी हातोडी घेऊन आला. देवळातल्या घंटेचा टोल घेऊन आला. आमच्या गच्चीच्या दाराची बिजागरी करकरायची, तर तिला तेल घालू देईना. हातात कायम माकडटोपी घातल्यासारखा केसाळ माइक, आणि समोर जो कोणी येईल त्याला आधी 'चूप'ची खूण. आमच्या यांनी दुसऱ्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, चूपमास्तर. तोंडावर म्हणायचे. तो खूष व्हायचा.

आमचे हे छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवून ओळ करायची, ओळी जुळवून पान. पुढे कॉम्प्युटर आला आणि मालकाने यांना हार घालून घरी पाठवलं. मग दमा जडला. मी म्हणायचे, शिशामुळे. ते म्हणायचे, हारामुळे. दिवसभर खाटेवर बसून पेपर वाचायचे आणि लोकांना टोमणे मारायचे. चूपमास्तर त्यांना फार आवडायचा, कारण तो टोमणा खाऊनही हसायचा. पुण्याच्या माणसाला असा श्रोता मिळत नाही.

शांततेसाठी त्याने पुण्यात काय शोधून काढलं असेल तर दुपार. पुण्यात आल्यावर आधी तो आमच्या दुपारच्या झोपेला हसायचा. एकला दुकानाची फळी लागते, चारला उघडते, याची त्याला गंमत वाटायची. मग त्याच्या लक्षात आलं की रात्री रिक्षा असतात, कुत्री असतात, वरातीही असतात. एक ते चार मात्र पेठेत पान हलत नाही. मग रविवारी दुपारी तो कामाला बसायला लागला. म्हणायचा, "तुमच्या वामकुक्षीवर माझं सारं चालून राहिलं, काकू."

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी जलतरंग वाजवते. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडायच्या, डावीकडे सगळ्यांत मोठी, उजवीकडे लहान लहान होत जातात. माझ्या सतरा आहेत. त्यांत पाणी घालून सूर लावायचा. पाणी वाढलं की सूर उतरतो, कमी झालं की चढतो. मग दोन बारीक काड्यांनी काठावर वाजवायचं. माझे वडील नाटक कंपनीत वाजवायचे. भावांनी वाट्यांना हात लावला नाही म्हणून मला शिकवलं. माझी शाळा चौथीत सुटली आणि वाट्या सुरू झाल्या. बसण्याआधी पहिल्या वाटीच्या पाण्यात बोट बुडवायचं आणि कपाळाला लावायचं, हा त्यांचा नेम. तो मी अजून पाळते.

पुढे चाळीस वर्षं नाना गुरवांच्या सनईबरोबर मी मंगल कार्यालयांतून वाजवलं. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. ऐकत कोणी नाही, पण थांबलं की सगळ्यांच्या माना वर होतात. माझी जागा ठरलेली होती. सनईच्या डाव्या हाताला, चौघड्याच्या पुढे, पाटावर. ती जागा मला घरापेक्षा जास्त माझी वाटायची. घर यांच्या नावावर होतं.

एका रविवारी माझा सराव संपवून मी दार उघडलं, तर हा जिन्यात उभा. हातात भाजीची पिशवी, पायात एकच चप्पल. दुसरी खालच्या पायरीवर. म्हणाला, वर चढता चढता आवाज आला, मग पाऊल वाजेल म्हणून हललोच नाही. तासभर तरी उभा असेल. मला हे बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं लोकांनी मला ताक पिता पिता ऐकलं होतं.

मग त्याने लॅपटॉप आणला आणि आम्हाला समजावून सांगितलं. एकेका वाटीचा आवाज वेगवेगळा घ्यायचा, त्याला सॅम्पल म्हणतात. असे सगळे आवाज नीट नावं घालून एकत्र लावले की ती झाली लायब्ररी. मी म्हटलं, लायब्ररी पुस्तकांची असते. म्हणाला, ही आवाजांची. मग सॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात ही लायब्ररी घातली की पेटीसारख्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची आणि आतून जलतरंग वाजतो. वाटी नको, पाणी नको.

मला अर्धं कळलं. आमच्या यांना पूर्ण कळलं. खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "म्हणजे खिळेच की. एका खान्यात एक अक्षर. ज्याला जे छापायचं ते त्याने जुळवावं."

"बरोबर, काका. एकदम बरोबर."

"मग एक सांग. अक्षरं तू घेतलीस, जुळवायचं यंत्र तुझ्याकडे. माझ्यासारख्याला हार घालणार कोण?"

तो हसला. म्हणाला, काकूंना कोण हार घालते काका, हे तर जपून ठेवण्यासाठी आहे, उद्या काकूंच्या नंतर हे वाजवणार कोण? माझ्यासमोर माझ्या नंतरचं बोलला याचा मला राग आला नाही. खरं होतं ते. मुलगी दिल्लीला, तिला वाट्यांत फक्त आइस्क्रीम दिसतं. मी म्हटलं, "माझ्या नंतर काय करायचं ते कर. पण मी आहे तोवर माझ्या जागेवर दुसरं कोणी बसवायचं नाही."

"नाही बसवत काकू. कोणालाच नाही."

आणि त्याने पहिल्या वाटीत बोट बुडवून कपाळाला लावलं. मी करते तसंच. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, बघून केलं. मला ते पुरलं. बाकी काही लिहून घेण्याची आमच्यात पद्धत नव्हती.

सहा रविवार आम्ही बसलो. पाण्याचं त्याला फार. मी बोटाने दोन थेंब काढते, दोन टाकते, सूर लागला की थांबते. तो इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, पाणी कोणतं?" मी म्हटलं, "खडकवासल्याचं. नळाला दुसरं कुठलं येतं?" तेही लिहून घेतलं. चैत्रातल्या उन्हाने पाणी तासाभरात कमी होतं आणि सूर वर सरकतो, हे मी सांगायच्या आधी त्याच्या कानाने पकडलं. त्याचा कान चांगला होता. ते मी आजही नाकारत नाही.

"अजून एक डाव, काकू." हे वाक्य त्या सहा रविवारांत मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत माझा हात हलायचा. एक वाटी. आधी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात, मग त्याहून जोरात. आणि त्यातलं प्रत्येक आठ-आठ वेळा. मी विचारलं, एकदा नीट वाजवलं की पुरे नाही का? तर म्हणाला, माणूस तोच ठोका दोनदा सारखा मारूच शकत नाही. यंत्राने एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजवला की कान लगेच ओळखते, हे मढं आहे म्हणून. म्हणून आठ द्यायचे, मग ते आलटून पालटून वाजते आणि माणूस वाटते. माझ्या वडिलांनी दोन ठोके सारखे यावेत म्हणून काडी माझ्या बोटांवर मारली होती. हा म्हणत होता, चुका काकू, थोडं चुका. मला मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं चुकलेलं मागत होतं.

एका दुपारी नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा म्हणाला. कोणी काही वाजवायचं नाही, बोलायचं नाही, पाच मिनिटं. मी विचारलं, मग घेणार काय? "शांततेलाही आवाज असते, काकू. प्रत्येक खोलीचा निराळा." फ्रिज बंद, पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीत गुंडाळलं. दारावर आमच्या यांनी पाटी लावली, 'आत शांतता भरणे चालू आहे. बेल वाजवल्यास सांडेल.' मग पाच मिनिटं आम्ही तिघं बसलो. यांच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मध्येच तो हळूच म्हणाला, काका, श्वास जरा कमी. यांनी विचारलं, "पूर्णच बंद करू का?" त्याने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पाच मिनिटं घेतली. त्यातही शिट्टी आलीच.

तिसऱ्या रविवारी बांगड्यांचं निघालं. त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "काकू, बांगडी येऊन राहिली."

"येणारच. हातात आहे."

"काढता काय? अर्ध्या तासासाठी?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने यांच्याकडे बघितलं. त्याला काही कळलं असेल, नसेल. हे खाटेवरून म्हणाले, "काढ गं. मी अर्धा तास मेलो असं समज."

"अर्ध्या तासाने उठाल कशावरून?" मी म्हटलं.

काढल्या नाहीत. माझ्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि मधे एक-एक पाटली. लग्नापासून हात कधी मोकळा नव्हता. यांचा मफलर मधोमध फाडला आणि दोन्ही मनगटांना गुंडाळला. त्यावर हे म्हणाले की मी राहिलो, मफलर गेला. मफलर बांधून बाकीचं सगळं घेतलं. फक्त अगदी शेवटची वाटी, वरचा सा, उजव्या टोकाला. तिथे हात लांबवावा लागतो. जोराच्या ठोक्याला मफलर सरकला आणि वाटी टण् झाली, तिच्या मागून बांगडी किण् झाली. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, हा एक खोडून टाकतो. अजून एक डाव.

त्याच्याबद्दल वाईट लिहायचं म्हणून चांगलं गाळणार नाही. तो आमच्या घरी जेवायचा, माझ्या भाजीला 'गोड वरण' म्हणायचा आणि गावाहून आणलेलं तिखट ताटात वेगळं घेऊन बसायचा. यांचा दमा वाढला तेव्हा लिफ्ट बंद होती. त्याने यांना खुर्चीत बसवून, खालच्या दुकानदाराला हाताशी घेऊन, तीन जिने उतरवले. दवाखान्यात रांगा लावल्या. सोळाव्या दिवशी हे गेले तेव्हा खांदा दिला. तो रडला. मी रडले नाही, मला कामं होती. त्या संध्याकाळी मी हातातल्या बांगड्या उतरवल्या. हल्ली बायका ठेवतात, ठेवाव्यात. मला कोणी काढ म्हटलं नव्हतं. यांच्यासाठी घातलेल्या होत्या, म्हणून काढल्या, इतकंच.

पुढच्या वर्षी त्याने खराडीला घर घेतलं. जाताना वाकून नमस्कार केला, काकू येत जाईन म्हणाला. दोनदा आला. मग फोन, मग दिवाळीचा मेसेज, ज्यात माझं नाव नव्हतं, नुसतं 'आपणांस'. मी ते मनावर घेतलं नाही. भाडेकरू जाण्यासाठीच येतात.

मग माझी कामं कमी व्हायला लागली. नाना गुरव म्हणायचे, यंदा मुहूर्तच कमी आहेत. पुढच्या वर्षी म्हणाले, लोकांना नुसती सनई हवी असते हल्ली. मला वाटलं, माझंच वय झालं, पाटावरून उठताना हात द्यावा लागतो, ते नानांना सांगवत नसेल. मी घरी सराव करत राहिले आणि बोलावण्याची वाट बघत राहिले.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं, सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात. तिथे मी किती वेळा वाजवलं असेल त्याला हिशेब नाही. या वेळी पाहुणी म्हणून गेले, पंगतीत बसले. मसालेभाताचा पहिला घास घेतला आणि जलतरंग सुरू झाला. मी मनात म्हटलं, नानांनी दुसरी बाई आणली तर. ऐकत राहिले. हात चांगला होता. इतका चांगला की मला वाईट वाटलं. आणि ओळखीचाही वाटत होता, पण कुणाचा ते लागेना. वडिलांकडे शिकलेलं तर दुसरं कोणी उरलं नव्हतं. मग वरचा सा आला.

टण्. मागून किण्.

पंगतीतून उठू नये म्हणतात. मी उठले. खरकट्या हाताने सनईच्या चौथऱ्यापाशी गेले. सनईच्या डाव्या हाताला, चौघड्याच्या पुढे, जिथे माझा पाट असायचा तिथे कीबोर्ड मांडलेला होता, शेजारी लॅपटॉप, आणि एक पोरगेलासा वादक दोन बोटांनी वाजवत होता. दोन बोटांनी. नानांनी मला बघितलं. त्यांच्या तोंडात सनई होती, त्यामुळे त्यांना काही बोलावं लागलं नाही. नशीबवान.

वादकाला मी विचारलं, हे कुणाचं वाजवतोस? त्याला वाटलं, आजीला गंमत वाटतेय. मोठ्या कौतुकाने पडद्यावरचं चित्र दाखवलं. चित्रात एका महालात पितळी वाडगी मांडलेली, पलीकडे कमळं. माझ्या वाट्या पांढऱ्या आहेत, दोनांवर निळी वेल आहे. मी म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाच. त्याने वाचून मराठीत सांगितलं : राजघराण्यातला प्राचीन जलतरंग, पवित्र नदीच्या पाण्यावर लावलेला.

"खडकवासल्याचं आहे," मी म्हटलं. "नळाचं."

तो हसला. मग म्हणाला, "आणि हे बघा ना आजी, यात बांगडीपण आहे. हे बटण. ऑन ठेवलं की वाटतं बाईच वाजवतेय, एकदम रिअल. नको असेल तर ऑफ." आणि त्याने बटण दाबून दाखवलं. बांगडी गेली. पुन्हा दाबलं. आली.

माझ्या बांगड्या उतरवायला माझा नवरा जावा लागला होता.

पुढच्या रविवारी दोन बस बदलून मी खराडीला गेले. अकरावा मजला. दार त्यानेच उघडलं. पोट सुटलं होतं, केस कमी झाले होते. वाकायला लागला, मी पाय मागे घेतले. तेव्हा त्याला कळलं. मला आतल्या खोलीत नेलं. त्या खोलीच्या भिंतींना स्पंजचे काळे ठोकळे चिकटवलेले. दार लावल्यावर बाहेरचं सगळं बंद झालं. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

मी म्हटलं, "पाण्यात बोट घातलं होतंस."

त्याने दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "मी तुमच्या जागेवर माणूस कुठे बसवला काकू? तुमचेच हात आहेत ना ते. तिथे अजून तुम्हीच वाजवून राहिल्या."

"मग मी पंगतीत काय करत होते?"

मग त्याने सांगायला सुरुवात केली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा गेला. सहा महिने घरी बसला. आधी ती लायब्ररी नुसती मित्रांना दिली होती, त्यांना आवडली, मग इंटरनेटवर विकायला ठेवली. तीच पहिली चालली. आता तो हेच करतो, निरनिराळ्या वाद्यांचं. मी विचारलं, माझं नाव का नाही घातलंस? राजघराणं कुठून आणलंस? खाली बघत म्हणाला, नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, बाईंची परवानगी आहे काय. हे मात्र त्याने सरळ सांगितलं.

"आता टाकतो काकू. आजच टाकतो तुमचं नाव."

"नको. नाव टाकलंस तर लोकांना वाटेल, मी दिलं."

मी त्याच्याकडे एकच मागितलं. बाकी राहू दे, ती बांगडी तेवढी काढून टाक. तो म्हणाला, माझ्याकडून काढतो, पण जे बाहेर गेलं ते गेलं, कोणाकोणाकडे आहे ते आता मलाही माहीत नाही. मी म्हटलं, खोडतो म्हणाला होतास. तर म्हणाला, "सगळ्यांत जिवंत ठोका तोच होता, काकू. खोडवला नाही."

मग तो उठला, आवाज साठवायची एक डबी काढली, तारेने लॅपटॉपला लावली. हेडफोन माझ्यापुढे धरले. म्हणाला, "ते खोलीचं कोणाला दिलं नाही मी. ती पाच मिनिटं. लायब्ररीत टाकायची असतात, पण नाही टाकली. त्यात काका आहेत."

"मग बांगडीत कोण होतं?" मी विचारलं.

चूपमास्तरने मान खाली घातली. त्या खोलीत दुसरा आवाजच नसल्यामुळे त्याने आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

हेडफोन मी घेतले नाहीत. घ्यावेसे वाटले नाहीत असं नाही. पण ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, फिटलं. दारापर्यंत आला आणि म्हणाला, काकू, पाणी तरी घ्या. मी विचारलं, कुठलं पाणी येतं इथे? म्हणाला, टँकरचं.

"मग नको."

लिफ्टचं दार लागेपर्यंत तो उभा होता. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही.

परवा नाना गुरवांचा फोन आला. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी बोलावणं दिलं. एका लग्नात यजमानांना फोटोसाठी खऱ्या वाट्या आणि खरी बाई हवी आहे, तुम्ही नुसतं पाटावर बसायचं, काड्या हलवायच्या, वाजवायचं यंत्राने. आपलीच जागा आहे ती, वहिनी, असंही म्हणाले. मी म्हटलं, नाना, अगदी आपलीच आहे, म्हणून मी येत नाही. तुम्ही सनईही तशीच धरून बसा. त्यांनी फोन ठेवला.

आता मी घरीच वाजवते. दुपारी एकला, पेठ आडवी झाली की. वाट्या मांडते, नळाचं पाणी भरते, बोट बुडवून कपाळाला लावते. त्याआधी उठून फ्रिज बंद करते. ही खोड त्याची. आता फ्रिजच्या घरघरीत मला सूरच लावता येत नाही. फ्रिज बंद झाला की जरा वेळ नुसती बसते. यांची खाट अजून तिथेच आहे. काही ऐकू येत नाही. ते सगळं त्याच्या डबीत आहे, खराडीला.

मग वाजवायला घेते. वरचा सा येतो तेव्हा टण् होतं आणि मागून काही होत नाही. हात मोकळा आहे. तरी पुढचा ठोका मी किंचित उशिराच मारते. वडील असते तर काडी बोटांवर बसली असती.

चारला दुकानं उघडतात, खाली माणसं बोलायला लागतात, मी वाट्या पुसून ठेवते आणि भाजी आणायला जाते. फ्रिजचं बटण चालू करायचं लक्षात राहत नाही. आठवड्यातून एकदा तरी दूध नासतं.